घर गहाण टाकणारे प्राचार्य आणि आपली जिमखाना फी

मंडळी, आपल्या भवानीनगर-सणसर पट्ट्यात हंगाम म्हटलं की एकच, उसाचा. कारखाना पेटला कधी, टोळ्या आल्या का, पहिली उचल किती, हे शेंबडं पोरगंही सांगेल. पण कॉलेजांचाही खेळांचा एक हंगाम असतो, हे कुणाच्या गावी नसतं. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आपलं कॉलेज जिंकलं की हरलं, विचारून बघा चौकात. कबड्डीच्या टीममधल्या पोराच्या घरीसुद्धा धड माहीत नसतं.

तिकडे अमेरिकेत कॉलेजच्या फुटबॉल टीमची मॅच असली की अख्खं गाव लोटतं. १८६९ साली दोन कॉलेजांत पहिला सामना झाला, रटगर्स विरुद्ध प्रिन्स्टन. आज मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये लाखावर माणूस बसतो. त्यांचं सगळंच चांगलं असं नाही, पैशाचा धिंगाणाही तिथंच आहे. पण कॉलेजची टीम ही गावाची टीम, एवढं तरी त्यांना कळलंय.

आपल्याकडेही हे होतं. १९५२ चा खाशाबा जाधवांचा हंगाम आठवा. पदक सगळ्यांना पाठ आहे: हेलसिंकी, २३ जुलै, ५७ किलो गट, कांस्य, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. भाषणात दरवर्षी येतं. मला मात्र त्या पदकापेक्षा त्यामागचं कॉलेज जास्त महत्त्वाचं वाटतं.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले. अंगकाठी बारीक. असं सांगतात की कॉलेजच्या वार्षिक स्पर्धेत क्रीडाशिक्षक त्यांना घ्यायलाच तयार नव्हते. खाशाबा थेट प्राचार्यांकडे गेले. प्राचार्य होते बॅरिस्टर खर्डेकर. ते म्हणाले, खेळू द्या. पोरानं मग त्याच्याहून दांडग्या गड्यांना लोळवलं. आता विचार करा, आज एखादा पोरगा असा प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेला तर? शिपाईच दारातून परत लावील.

१९४८ ला लंडनला जायचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. मॅटवरच्या कुस्तीचा सराव नसताना खाशाबा सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीची वेळ आली तेव्हा पैशाचं घोडं परत अडलं. सरकारी मदत पुरेना. गावकऱ्यांनी वर्गणी काढली, आणि खर्डेकरांनी स्वतःचं राहतं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. संस्थेचं नव्हे, स्वतःचं घर. तेही ऑलिंपिकला सहाव्या आलेल्या पोरासाठी, पदक मिळेल याची कसलीही हमी नसताना. पदक आल्यावर हार घेऊन सगळेच येतात हो.

तिथं हेलसिंकीत काय झालं? एक लांबलेली कुस्ती संपते न संपते तोच त्यांना रशियाच्या मल्लापुढं उभं केलं गेलं. मध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता, पण तो सांगायला आपला एकही अधिकारी मॅटजवळ नव्हता, असं म्हणतात. ती कुस्ती गेली. जपानचा इशी सोन्याचा मानकरी ठरला, खाशाबा तिसरे. परत आल्यावर गावानं शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक काढली. आणि खाशाबांनी काय केलं, तर कुस्त्यांची मैदानं भरवून पैसे जमवले आणि प्राचार्यांचं घर सोडवलं.

महाराष्ट्राला दुसरं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला ७२ वर्षं लागली. २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळे, तोही कोल्हापूर जिल्ह्यातलाच. तो घडला शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत. चांगलंच आहे. पण प्रबोधिनीत जागा किती आणि गावोगावची कॉलेजं किती? बाकीच्या पोरापोरींना कॉलेजचं मैदान हाच आधार आहे.

आणि कॉलेजात काय चाललंय? मी इतकी वर्षं तालुक्याच्या बातम्या करतोय. खेळाची प्रेसनोट येते त्यात उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, नारळ कुणी फोडला, सगळं असतं. खेळाडूंची नावं फोन करून मागवावी लागतात. फोटोतही पुढारी खुर्चीवर आणि टीम मागे उभी, त्यातली निम्मी कापलेली. खेळ म्हणजे आता ग्रेस मार्क आणि ५ टक्के आरक्षणाचं सर्टिफिकेट. त्यातही बोगस सर्टिफिकेटवर नोकऱ्या लागल्याच्या बातम्या आपण वाचल्याच आहेत. मग खरोखर घाम गाळलेल्या पोराकडेही लोक संशयानं बघतात. हे मला सगळ्यात जास्त टोचतं.

कुणी म्हणेल, पत्रकारसाहेब, आता कुठला प्राचार्य घर गहाण टाकणार? टाकूही नये. त्याची गरजच नाही, कारण जिमखाना फी प्रत्येक पोराकडून ॲडमिशनलाच घेतली जाते. ऊसतोड मजुराच्या पोरीकडूनही. माझं म्हणणं एवढंच की त्या पैशाचा हिशेब नोटीस बोर्डावर लावा. किती जमले, किती खर्च झाले, कशावर झाले. मैदान वर्षात किती दिवस खेळाला मोकळं होतं आणि किती दिवस मांडवाला दिलं होतं. किती मुली खेळल्या. टीमला बाहेरगावी नेलं तेव्हा जेवणाचा खर्च कुणी केला, कॉलेजनं की पोरांनी वर्गणी काढून.

अनुदानित कॉलेजांना माहिती अधिकार लागू आहे. साध्या कागदावर अर्ज, १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांत उत्तर. या सोमवारी बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या कॉलेजांना मी अर्ज टाकतोय, गेल्या तीन वर्षांच्या जिमखाना खर्चासाठी. ज्यांची पोरं तिथं शिकतात त्यांनी स्वतःच्या नावानंही टाका, नमुना हवा असेल तर इनबॉक्सला या. उत्तरं येतील तशी इथंच टाकतो. ज्या कॉलेजचा हिशेब चोख निघेल, त्याचं नाव सगळ्यात वर.