गोव्याची पहिली रेल्वे कोकण रेल्वे नव्हे



‘गोव्यात रेल्वे पोहोचली ती १९९८ मध्ये, कोकण रेल्वेमुळे’ हे मागील अंकातील पत्रलेखकाचे विधान चुकीचे आहे. कोकण रेल्वेचे मुख्यालय आमच्या बेलापुरात आहे आणि तिचा मला अभिमान वाटतो. पण तिच्या कौतुकापायी शंभर वर्षांचा इतिहास पुसू नये. ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात १८७८ मध्ये करार झाला. त्यानुसार मुरगाव बंदरापासून घाट चढून कॅसलरॉकपर्यंत मीटरगेज मार्ग बांधला गेला आणि १८८८ च्या सुमारास गाड्या धावू लागल्या. ही खरोखरच दोन राजवटींमधली रेल्वे होती. अलीकडे कॅसलरॉक, पलीकडे पोर्तुगीज हद्दीतले कुळे. सामानाची जकात-तपासणी झाल्याशिवाय प्रवाशाची सुटका नसे. मुंबईत पोटासाठी आलेले कितीतरी गोवेकर पुणे, मिरज, बेळगाव, लोंढा असा वळसा घेत याच मार्गाने गावी जात. १९५५ मध्ये भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली आणि सीमेवरची वाहतूक थांबली. ती पूर्ववत झाली गोवामुक्तीनंतरच.

कुळे आणि कॅसलरॉक या स्थानकांवर हा इतिहास मराठी, कोकणी आणि कन्नडमध्ये ठळकपणे लिहावा, अशी रेल्वे प्रशासनाला विनंती आहे.

– एक वाचक, बेलापूर, नवी मुंबई