पोकळीचा फंडा

तुकोबांची पालखी बारामतीहून इंदापूरकडे निघाली की कॅमेरे वळतात काटेवाडीच्या मेंढ्यांकडे, नाहीतर बेलवाडीच्या रिंगणातल्या घोड्यांकडे. पुढच्या आषाढात जरा दिंडीतल्या पखवाजाकडेही बघा. बॉस, ते अख्खं खोड एकाच लाकडातून पोखरलेलं असतं!

वीकएंडला लेथ शिकणाऱ्यांनाही हीच हौस असते. डबी, पेनस्टँड, छोटी फुलदाणी. पखवाज निदान दोन्ही बाजूंनी पोखरता येतो, तुमच्या डबीला मात्र एकच तोंड! त्यात लाकूड उभ्या रेषेचं. याच पट्ट्यातला ऊस आडवा तोडला की कशी धाग्यांची टोकं दिसतात, तशीच टोकं हत्याराला समोरून भिडतात. नीट कापली तर पृष्ठभाग नितळ, नुसती खरवडली तर खरबरीत.

मग घ्यायचं काय?

उथळ डबीसाठी गोल पटाशी, म्हणजे स्पिंडल गाऊज. लाकडी वाटी कडेकडून मध्याकडे कोरतात. इथे उलटं, मध्यातून कडेकडे. त्यामुळे कापल्या जाणाऱ्या धाग्याला मागच्या धाग्यांचा आधार मिळतो. जास्त खोल जायचंय? आधी टेलस्टॉकला ड्रिल लावून मधोमध भोक पाडा, खोली तिथेच ठरते. मग गोल नाकाचा स्क्रेपर. वापरायला सोपा, फक्त नंतर सँडपेपरची मेहनत जास्त. हुक आणि रिंग टूल सुंदर कापतात, पण हात बसला नसेल तर लाकडात अडकून जोरदार झटका देतात. ती दुसऱ्या वर्षी! कार्बाइडच्या पात्याला धार लावायची कटकट नाही. बोथट झालं की थोडं फिरवायचं. मात्र तेही बहुतेक वेळा खरवडतंच.

खरी गोम दांड्यात आहे. हत्यार टेकूच्या पुढे जितकं आत जाईल, तितकं ते थरथरणार. म्हणून दुकानात पात्याआधी दांड्याची जाडी बघा. आठ हत्यारांचा चकचकीत सेट राहू दे. एक गाऊज, एक जाड स्क्रेपर, एक ड्रिल, बस्स. उरलेल्या पैशांत चांगला चक आणि फेसशील्ड घ्या. पोखरताना पुढून टेकू देता येत नाही, सगळा भार चकवर असतो.

ओढणी, सैल बाह्या, हातमोजे? लेथजवळ सक्त मनाई! फॅशन सोमवारी ऑफिसात.