चंडीगडच्या छपरांचा प्रश्न

फाळणीत लाहोर गेले आणि पूर्व पंजाबला नव्या राजधानीची गरज भासली. शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी उभ्या राहिलेल्या या नगरीशी ल कॉर्बुझिए यांचे नाव कायमचे जोडले गेले. परंतु सरकारी नोकरांची घरे प्रामुख्याने पिएर जानरे, मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू यांनी आखली. पैसा तुटपुंजा होता, वातानुकूलनाचा विचारही शक्य नव्हता. त्यामुळे विटांच्या जाळ्या, खोलवर बसवलेल्या खिडक्या आणि सज्जे यांनीच उन्हाशी सामना केला. इमारतींच्या ऊर्जाकार्यक्षमतेचे धडे या शहराने १९५०च्या दशकातच गिरवले होते.

पुढे अनेक जाळ्या बंद झाल्या, भिंतींवर वातानुकूलन यंत्रे लटकली. सरकारी इमारतींवर सौरसंच बसवण्यात चंडीगड प्रशासन आघाडीवर आहे, हे मान्यच करायला हवे. मात्र उन्हाळ्यात सूर्य मावळल्यावरही तापलेली घरे वीज मागतच राहतात. ‘नेट झिरो’चा हिशेब केवळ निर्मितीने जुळत नाही, मागणी घटवावी लागते. अडचण अशी की, न वापरलेल्या विजेचे उद्घाटन करता येत नाही.

कायद्याचा आधारही येथे अपुरा पडतो. व्यापारी इमारतींसाठीची ऊर्जा संवर्धन इमारत संहिता २०१७ मध्ये सुधारली गेली, निवासी इमारतींसाठी २०१८ मध्ये ‘इको निवास संहिता’ आली. पण दोन्हींचा भर नव्या बांधकामांवर आहे. चंडीगडचा गाभा तर केव्हाच बांधून झाला. शिवाय जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शहराच्या पहिल्या टप्प्यातील घरांचे मजलेनिहाय सदनिकांत विभाजन करण्यास मनाई केली. निर्णय योग्यच होता. त्याचा अर्थ इतकाच की, येथे दुरुस्तीखेरीज दुसरा मार्ग नाही.

दुरुस्ती म्हटली की वारशाचा आक्षेप पुढे येतो: दर्शनी भागाला हात लावू नका. जरूर लावू नये. जूनमधील दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि एकदोन मजली घरात सर्वाधिक उष्णता छपरातून शिरते. ते रस्त्यावरून दिसतही नाही. कॉर्बुझिए यांनी उच्च न्यायालयाच्या इमारतीवर छत्रीसारखे दुसरे छप्पर धरले आणि दोहोंमधून वारा खेळता ठेवला, तो याच जाणिवेने.

येथे सर्वांत मोठा घरमालक सरकारच आहे, तेव्हा कोणाची मनधरणी करण्याचे कारण नाही. तरीही काम अडते, कारण छप्पर सरकारचे आणि विजेचे देयक राहणाऱ्याचे. सेवाकाळात छपरांच्या गळतीची कितीतरी अंदाजपत्रके मी मंजूर केली. त्यांत पाण्याचा विचार असे. उष्णतेसाठी रकानाच नव्हता. मलाही तो कधी सुचला नाही.

प्रशासनाने एवढे करावे: सरकारी घराच्या छपराचे जलरोधक काम निघेल तेव्हा त्याच निविदेत उष्णतारोधक थर आणि पांढरा परावर्तक लेप अनिवार्य करावा आणि दरसूचीत त्याची बाब घालावी. मजूर छपरावर चढलेलेच असतात, वाढीव खर्च फक्त साहित्याचा. २०५० पर्यंत ‘नेट झिरो’ होण्याचे लक्ष्य मुंबईने २०२२ मध्ये जाहीर केले. तेथील सरकारी वसाहतींची छपरेही दर काही वर्षांनी दुरुस्तीला निघतातच.