मोबाइलची पाणसळ आणि आपला बांध



समपातळी बांध आखायला साहेबाची वाट कशाला, मोबाइलमध्ये पाणसळ आहे, असे पोरे म्हणतात. हौस चांगली. पण हिशेब करा. एका अंशाची चूक म्हणजे 100 फुटांत पावणेदोन फूट! आपल्या काळ्या रानाचा सगळा उतारच पुष्कळदा एवढा नसतो. मग पाणी एका जागी तुंबते, बांध फुटतो आणि कपाशीसकट माती ओढ्याला.

मोबाइल सरळ फळीवर ठेवून आकडा वाचा, तोंड उलट दिशेला करून पुन्हा वाचा. आकडे जुळले नाहीत तर खोट मोबाइलमध्येच. जुळले तरी आखणी पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनेच करावी, असे माझे मत आहे. तिला चार्जिंग लागत नाही, साहेबाची सहीही नाही. नळीत हवेचा बुडबुडा तेवढा राहू देऊ नका.