न दुखणारी गाठ



बर्डीच्या मेन रोडवर दुकानात दिवसभर उभ्या राहणाऱ्या मुली, फुटपाथवर माल मांडून बसणाऱ्या बाया, आसपास धुणीभांडी करणाऱ्या मावश्या, यांना दवाखान्यात जायचे म्हणजे एक दिवसाची रोजी बुडते. म्हणून दुखले तरच जायचे, असा आपला हिशेब. दाढेला, कंबरेला तो एक वेळ चालतो. स्तनाच्या कॅन्सरला चालत नाही, कारण सुरुवातीची गाठ बहुधा दुखतच नाही.

ही गाठ वाढते कशी ते समजून घ्या. एक पेशी बिघडते. एकीच्या दोन, दोनांच्या चार, चारांच्या आठ. असे ३० वेळा झाले की सुमारे १०० कोटी पेशी होतात, आणि तेव्हा कुठे गाठ १ सेंटिमीटरची, हरभऱ्याच्या दाण्याएवढी होते. एकदा दुप्पट व्हायला कुणाला काही आठवडे, कुणाला काही महिने लागतात. म्हणजे हाताला लागलेली गाठ कालची नसते, बहुधा काही वर्षे आत वाढत असते. पण १ सेंटिमीटरची २ व्हायला आणखी तीनच दुपटी पुरतात. "पोरीचे लग्न होऊ द्या, मग पाहू" म्हणताना हे गणित ध्यानात ठेवावे. गाठ वाढते तसा तिच्या पेशी काखेत आणि पुढे हाडांत, फुप्फुसांत पसरण्याचा धोका वाढतो.

मुंबईत टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी १९९८ मध्ये एक अभ्यास सुरू केला. झोपडपट्ट्यांतल्या ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बाया त्यात होत्या. निम्म्या वस्त्यांत शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासत. यंत्र नाही, फक्त बोटे! २०२१ मध्ये निष्कर्ष छापून आले. तपासणी न झालेल्या वस्त्यांत कॅन्सर झालेल्या १०० पैकी ४७ जणींचा आजार पुढच्या अवस्थेत सापडला होता, तपासणीच्या वस्त्यांत ३७ जणींचा. पन्नाशी ओलांडलेल्यांत मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. त्याहून लहान वयात तसा फायदा दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे.

सरकारी कार्यक्रमात ३० वर्षांवरील बाईची अशी तपासणी दर पाच वर्षांनी व्हायची आहे. आशाताईला विचारा, "आमची कधी?" विचारायला लाजू नये. बाई डॉक्टर हवी असेल तर तसेही सांगावे.

मधल्या काळात अंघोळीच्या वेळी आपले आपण लक्ष ठेवावे. स्तनात वा काखेत गाठ, बोंड नव्याने आत ओढले जाणे, त्यातून रक्त येणे, कातडीला खळगा पडणे किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी दिसणे, यांपैकी काहीही दिसले तर लेप लावत, मालिश करत बसू नये. बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. पण ते ठरवायला सोनोग्राफी, मॅमोग्राफी आणि सुईची तपासणी लागते. सुई टोचली की कॅन्सर पसरतो, ही वस्तीवस्तीतली भीती खोटी आहे.

बर्डीवरून मेडिकल काही मिनिटांवर. त्याच्या पुढे मानेवाडा रोडला राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालय. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. जाताना रेशनकार्ड व आधारकार्ड सोबत घ्या, आणि घरचे एक माणूसही.