सर्वजण म्हणजे कोण?

२३ नोव्हेंबर २०२३ हा अमेरिकेत ‘थँक्सगिव्हिंग’ या सणाच्या सुटीचा दिवस होता. त्या दिवशी क्लाउडफ्लेअर कंपनीच्या सुरक्षा विभागास आढळून आले की, आपल्या कामकाजाची नोंद ज्या सर्व्हरवर राहते तेथे कोणी परका वावरत आहे. जगातील असंख्य संकेतस्थळांच्या रक्षणाचा व्यवसाय करणारी ही कंपनी. परका तेथे १४ नोव्हेंबरपासूनच येऊन-जाऊन होता आणि त्यासाठी त्याला एकही कुलूप फोडावे लागले नव्हते. दाराशी किल्ली विचारली गेली, त्याने ती दाखविली आणि दार उघडले.

कंपनीने ही हकीकत १ फेब्रुवारी २०२४ रोजी स्वतः होऊन तपशीलवार प्रसिद्ध केली, याबद्दल तिला श्रेय दिले पाहिजे. अशा गोष्टी झाकून ठेवण्याकडेच आपल्याकडील संस्थांचा कल असतो. आम्ही ती वाचकांसमोर मांडीत आहोत ती एवढ्यासाठी की, तीत घडलेली चूक संगणकतज्ज्ञांची म्हणून बाजूस सारता येण्यासारखी नाही. ती कारभाराची चूक आहे आणि असा कारभार आमच्या आसपासही चालतो.

पूर्वी मोठ्या कामाची फाईल टेबलावरून टेबलावर जात असे. आता ती जागेवरच असते आणि माणसे तिच्याकडे जातात. ऑस्ट्रेलियातील ॲटलासियन कंपनीची ‘जिरा’ ही अशा कामासाठी जगभर वापरली जाणारी प्रणाली. (स्वयंपाकघरातील जिऱ्याशी तिचा संबंध नाही, ‘गोजिरा’ या जपानी चित्रपटांतील अजस्र प्राण्याच्या नावावरून हे नाव आले.) कोणते काम कोणाकडे आहे, कोठे अडले, कोणी कोणता शेरा मारला, हे सारे तीत नोंदलेले असते. तिच्याच जोडीच्या ‘कॉन्फ्लुअन्स’मध्ये संस्थेची टिपणे, आराखडे, कार्यपद्धती असतात. ज्याला एखादी संस्था आतून जाणून घ्यावयाची आहे, त्याने तिजोरीकडे जाण्याचे कारण नाही. ही दप्तरे चाळली म्हणजे पुरे. क्लाउडफ्लेअरमध्ये शिरलेल्या चोराने नेमके तेच केले. ‘गुपित’, ‘टोकन’ अशा अर्थाचे शब्द टाकून त्याने दप्तर शोधले.

त्याच्या हाती किल्ली आली कशी? ऑक्टोबर २०२३ मध्ये ओक्टा या दुसऱ्याच कंपनीत घरफोडी झाली होती. इतर कंपन्यांच्या नोकरांची ओळख पटवून देणे हाच ओक्टाचा धंदा, हे विशेष. तिच्या एका कर्मचाऱ्याने कंपनीच्या संगणकावर आपले खासगी गूगल खाते उघडले होते व कंपनीच्या एका खात्याचा परवलीचा शब्द त्या खासगी खात्यात जतन झाला होता. बहुधा तेथूनच तो बाहेर गेला, असे ओक्टाने मागाहून सांगितले. त्या घरफोडीत क्लाउडफ्लेअरच्याही किल्ल्या गेल्या. तिने त्या बदलल्या. परंतु हजारोंपैकी चार तशाच राहिल्या. त्या वापरात नाहीत, अशी समजूत होती.

या चारांपैकी एक किल्ली कोणा माणसाची नव्हतीच. एका प्रणालीने दुसरीशी परस्पर बोलावे यासाठी जी खाती उघडतात, त्यांतील ते एक खाते होते, आणि त्याला जिरावर प्रशासकाचे सर्वाधिकार दिलेले होते. १६ नोव्हेंबरला चोराने त्या अधिकारात स्वतःसाठी नवे खाते उघडले, ते एखाद्या कर्मचाऱ्याच्या खात्यासारखे दिसेल अशी काळजी घेतली आणि त्याला निरनिराळ्या गटांत दाखल करून टाकले. मूळ किल्ली काढून घेतली तरी आपला मुक्काम हलू नये, ही तजवीज. सुदैवाने कंपनीच्या इतर व्यवस्थांनी त्याला पुढे फारसे जाऊ दिले नाही. १,९४,१०० पानांपैकी २०२ पाने आणि वीस लाखांहून अधिक नोंदींपैकी ३६ नोंदी त्याने उघडल्या, असे कंपनीचे म्हणणे आहे.

येथे दोन प्रश्न वेगळे ठेवले पाहिजेत. तू कोण, हा पहिला. तुला कोठवर येण्याची मुभा आहे, हा दुसरा. आमच्या घरांतून हा भेद शिकवावा लागत नाही: ओळखीचा मनुष्य आला तरी कोणाला ओसरीवर बसवावयाचे, कोणाला माजघरात न्यावयाचे, हे घरची मुलेही जाणतात. कार्यालयांत मात्र पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की दुसरा विचारलाच जात नाही. अमक्याचे काम परवानगीवाचून अडले आहे, मग त्याला सगळेच अधिकार देऊन टाका, पुन्हा कटकट नको! असे एकदा दिलेले अधिकार परत घेण्याचे काम कोणाचेच नसते.

याहूनही मौजेचा प्रकार अमेरिकेच्या ‘नासा’ या अवकाशसंस्थेत घडला व जानेवारी २०१९ मध्ये उघडकीस आला. जिरामध्ये एखादी यादी इतरांस दाखवावयाची, तर ती कोणाला दिसावी हे निवडावे लागते. तेथे ‘सर्वजण’ असा एक पर्याय होता. निवडणाऱ्याने त्याचा अर्थ ‘आपल्या संस्थेतील सर्वजण’ असा घेतला. यंत्राने तो शब्दशः घेतला: इंटरनेटवरील कोणीही. कर्मचाऱ्यांची नावे, त्यांचे ई-मेल पत्ते व प्रकल्पांची माहिती अशी उघड्यावर पडली. लग्नपत्रिकेत ‘सर्वांनी अगत्य यावे’ असे आपण लिहितो तेव्हा तालुक्याला आमंत्रण नसते, हे आपण व पत्रिका घेणारा दोघेही समजून असतो. यंत्राजवळ ती समज नाही. कंपनीने पुढल्या आवृत्त्यांत ‘सार्वजनिक’ असा निःसंदिग्ध शब्द योजिला आहे. पंचवीस-तीस वर्षे शब्दांशी झटापट करणाऱ्या आम्हांस एका सर्वनामाने केवढा अनर्थ केला याचे नवल वाटले नाही.

दोष नेहमी वापरणाऱ्याचाच असतो असे मात्र नाही. ४ ऑक्टोबर २०२३ रोजी ॲटलासियनने कॉन्फ्लुअन्समधील एक भगदाड जाहीर केले; त्याची तीव्रता दहांपैकी दहा होती. तुझी मांडणी अजून पुरी झालेली नाही, असे बाहेरून त्या सर्व्हरला भासवता येत होते. मग तो बिचारा नव्याने विचारी, तुमचा प्रशासक कोण? आणि समोरचा सांगे, मीच! अशा वेळी परवलीचा शब्द कितीही अवघड असून उपयोग काय? दुरुस्ती ताबडतोब बसविणे व सर्व्हर उघड्या इंटरनेटवरून काढणे एवढेच ग्राहकाच्या हाती उरते. त्यातही ॲटलासियनने आपल्या ‘सर्व्हर’ आवृत्तीचा आधार १५ फेब्रुवारी २०२४ पासून थांबविला आहे. ती अद्याप चालविणाऱ्यांना दुरुस्त्या मिळत नाहीत. ‘चालते आहे ना, मग कशाला हात लावा’ हे धोरण तेथे घातक ठरेल.

आमच्याकडे कायदे नाहीत असे नाही. केंद्राच्या ‘सर्ट-इन’ या यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार संगणकीय घुसखोरी लक्षात आल्यापासून सहा तासांत कळविली पाहिजे व प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपल्या पाहिजेत. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात सुरक्षेतील हयगयीस २५० कोटी रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. पण पाच जण एकच खाते वापरीत असतील तर त्या नोंदी जपून निष्पन्न काय होणार? साहेबांचा परवलीचा शब्द कारकुनाला ठाऊक, कारकुनाचा कंत्राटी ऑपरेटरला ठाऊक, ही तऱ्हा सरकारी कचेऱ्यांत आणि सहकारी संस्थांत नवी नाही. विश्वासाचा प्रश्न म्हणून तिचे समर्थनही होते. गैरप्रकार घडतो तेव्हा नोंदीत साहेबांचे नाव असते, आणि संशय मात्र ज्याची नोकरी सर्वांत कच्ची त्या ऑपरेटरवर जातो. मी तेथे नव्हतो हे सिद्ध करण्याचे एकच साधन त्याच्याजवळ असू शकले असते: त्याचे स्वतःचे, मोजक्या अधिकारांचे खाते. परवानग्यांची शिस्त म्हणजे कर्मचाऱ्यांवरील अविश्वास, असा आक्षेप घेणाऱ्यांनी या कनिष्ठ मनुष्याच्या बाजूने एकदा विचार करावा.

सरकारी अधिकारी बदलून जातो तेव्हा चार्ज रिपोर्ट लिहिला जातो. कपाटाच्या किल्ल्या, शिक्के, नोंदवह्या, रोकड यांची यादी होते. देणारा व घेणारा सह्या करतात. त्या यादीत जाणाऱ्याच्या संगणक-खात्यांसाठी, प्रत्येक प्रणालीवरील त्याच्या अधिकारांसाठी आणि त्याने इतरांस दिलेल्या अधिकारांसाठी एक रकाना असला पाहिजे, व ती खाती बंद केल्याची तारीख त्यात पडल्याशिवाय रिपोर्ट पुरा मानला जाऊ नये. यासाठी निविदा काढावी लागत नाही, सल्लागार नेमावा लागत नाही. राज्य सरकारच्या सामान्य प्रशासन विभागाने एक परिपत्रक काढले की काम सुरू होते. सहकारी बँका व पतसंस्थांच्या लेखापरीक्षकांनीही हिशेब तपासताना हीच यादी मागावी आणि वापरात नसलेली खाती प्रथम पाहावीत.