पैशाचे सोंग

नाताळच्या दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबरला, वेल्सच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील टेन्बी या छोट्या गावी शेकडो माणसे नाना तऱ्हेची सोंगे घेऊन पुळणीवर जमतात आणि आरडाओरडा करीत हाडे गोठविणाऱ्या समुद्रात धावत शिरतात. सोंगांसाठी दरवर्षी एक विषय ठरलेला असतो. वाळूवर मोठी शेकोटी पेटलेली असते, पाण्यातून बाहेर आलेल्याला पदक मिळते, आणि त्याने आप्तांकडून व सहकाऱ्यांकडून वचन घेऊन ठेवलेली रक्कम धर्मादाय कार्याला जाते. १९७० साली सुरू झालेला हा उपक्रम, कोविडच्या साथीतील खंड वगळता, अजून टिकून आहे.

सुखवस्तू लोकांची करमणूक म्हणून याची हेटाळणी करणे सोपे आहे. पण ते योग्य नव्हे. सत्यशोधक जलसे आणि राष्ट्र सेवा दलाचे कलापथक ज्या परंपरेने दिले, तिला सोंगाचे वावडे असण्याचे कारण नाही. वर्षातून एक दिवस गावातील दुकानदार, शिक्षक व मजूर एकाच पाण्यात एकत्र कुडकुडतात, यातही एक समता आहेच. प्रश्न हसण्याचा नाही. त्या हसण्यातून जमणाऱ्या पैशावर समाजाने काय काय सोपवावे, हा आहे.

या प्रथेची मुळे समुद्राशीच पोचतात. ९ डिसेंबर १८८६ च्या रात्री इंग्लंडच्या लँकेशायर किनाऱ्याजवळ ‘मेक्सिको’ हे जर्मन जहाज वादळात सापडले. त्यावरील लोकांना वाचविण्यासाठी निघालेल्या तीन होड्यांपैकी दोन उलटल्या आणि २७ जीवरक्षक बुडाले. सेंट ॲन्स गावच्या होडीवरील एकही माणूस परतला नाही. त्या गावात राहणारे चार्ल्स मकारा हे कापड गिरणीचे मालक होते. १८२४ साली स्थापन झालेल्या जीवरक्षक संस्थेचा पैसा मोजक्या धनिकांकडून येतो, हे ध्यानात येताच त्यांनी १८९१ साली मँचेस्टरच्या रस्त्यांतून होड्यांची मिरवणूक काढली. वाद्ये वाजली, पेट्या फिरल्या आणि ५ हजार पौंडांहून अधिक रक्कम जमली. रस्त्यावर धर्मादाय निधी जमविण्याचा हा पहिला ज्ञात प्रसंग मानला जातो. हेच मकारा पुढे गिरणीमालकांच्या संघटनेचे धुरीण झाले. जो वर्ग वेतनाच्या वाटाघाटीत पैपैसाठी ताणून धरतो, तोच मिरवणुकीत उदार होतो, हे मुंबईच्या गिरणगावाला निराळे सांगावयास नको.

ब्रिटनमधील ती संस्था आजही मुख्यतः देणग्या व मृत्युपत्रांतील दाने यांवरच चालते आणि उत्तम चालते. याचे कारण शोधले पाहिजे. बुडणारा माणूस डोळ्यांना दिसतो. त्याच्याविषयी कणव जागी व्हायला प्रचाराची गरज लागत नाही. मूत्रपिंड निकामी झालेला शेतमजूर, क्षयाने खंगलेली विडी कामगार स्त्री किंवा मनोरुग्ण यांच्यासाठी मिरवणूक निघत नाही. दान गरजेच्या प्रमाणात वाहत नाही, ते आकर्षणाच्या प्रमाणात वाहते. शिवाय सुट्टीला येणाऱ्यांनी गजबजलेल्या किनाऱ्यावर पेटी भरते. ओसाड पडलेल्या खाणगावात ती कोणी भरावी?

त्याच वेल्समधील ट्रेडेगर या खाणगावाने निराळा मार्ग काढला होता. तेथील कामगार पगारातून नियमित वर्गणी देत आणि त्यातून डॉक्टर व औषधांची सोय होई. देणगी घेणाऱ्याला उपकृत करते, वर्गणी देणाऱ्याला हक्कदार बनविते. याच गावचे अन्यूरिन बेव्हन आरोग्यमंत्री झाले. त्याआधी ब्रिटनमधील कित्येक रुग्णालये सोंगांच्या मिरवणुका आणि निशाणविक्रीचे दिवस यांवर गुजराण करीत. सुसंस्कृत समाजातील रुग्णालयांना खाजगी दानावर विसंबावे लागणे किळसवाणे आहे, असे बेव्हन यांनी १९४६ साली पार्लमेंटात बजावले, आणि ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली.

२०२० च्या साथीत शंभरीला टेकलेल्या कॅप्टन टॉम मूर यांनी अंगणात शंभर फेऱ्या मारून त्या सेवेशी निगडित धर्मादाय संस्थांसाठी ३ कोटी पौंडांहून अधिक निधी मिळविला. वृद्धाच्या जिद्दीला प्रणाम केलाच पाहिजे. परंतु आरोग्य सेवेचा वार्षिक खर्च १०० अब्ज पौंडांच्या कितीतरी वर आहे; एवढी विक्रमी रक्कमही तिच्या तीन तासांच्या खर्चास पुरणारी नव्हती. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, ही म्हण सरकारांना कोणी तरी ऐकविली पाहिजे.

मुंबईत २००४ पासून दर जानेवारीत होणाऱ्या मॅरेथॉनमधील ‘ड्रीम रन’मध्येही लोक सोंगे घेऊन, फलक नाचवीत धावतात, त्यांत कंपन्यांचे संघ असतात आणि स्वयंसेवी संस्थांना निधी मिळतो. २०१३ च्या कायद्याने मोठ्या कंपन्यांवर नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करण्याचे बंधन घातले. २०१९ साली सवलती सोडणाऱ्या कंपन्यांसाठी प्राप्तिकराचा मूळ दर २२ टक्के करण्यात आला. तोवर मोठ्या कंपन्यांना तो ३० टक्के होता. सोडलेल्या सवलती वजा केल्या तरी सौदा कोणाच्या लाभाचा झाला, हे सांगण्यास अर्थशास्त्री लागत नाही. दोन टक्क्यांचे छायाचित्र छापून येते. सोडून दिलेल्या कराचे येत नाही. इकडे बेव्हन यांचा कायदा झाला त्याच १९४६ साली भोर समितीने भारतासाठी सर्वांना परवडणाऱ्या सार्वजनिक आरोग्यसेवेचा आराखडा मांडला होता. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरविले. तेही गाठता आले नाही.

तेव्हा कार्यकर्त्यांनी या धावण्यांवर बहिष्कार घालण्याचे काही प्रयोजन नाही. उलट, त्यांनी जरूर धावावे. डॉक्टर नसलेल्या प्राथमिक आरोग्य केंद्राचे सोंग घ्यावे, दाराला मोठे कुलूप लावावे आणि छातीवर अडीच टक्क्यांचा आकडा लिहावा. मॅरेथॉन जानेवारीत असते आणि राज्याचा अर्थसंकल्प त्यानंतर थोड्याच आठवड्यांत मांडला जातो. तेच सोंग धुऊन-वाळवून विधानभवनावरील मोर्चालाही चालेल.